जाहिरात खरी लिहा : शाळेतल्या कुत्रीला घर शोधताना



‘माझा आवडता प्राणी : कुत्रा’ हा निबंध तुम्ही आजवर किती वेळा तपासला असेल? कुत्रा हा इमानी प्राणी आहे. तो घराची राखण करतो. त्याला चार पाय, दोन डोळे व एक शेपूट असते. दहा ओळी झाल्या की मूल वही बंद करतं आणि आपण बरोबरची खूण करून पुढच्या वहीकडे वळतो. या दहा ओळींत एक प्रश्न कधीच येत नाही. निबंधातला हा इमानी प्राणी रात्री झोपतो कुठं आणि त्याला तुकडा घालतं कोण? गावातल्या बहुतेक कुत्र्यांच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर ‘माहीत नाही’ असंच आहे.

नामदेव महाराजांची गोष्ट आपण सगळेच सांगतो. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. स्नेहसंमेलनात मुलं ती सुंदर करूनही दाखवतात. आणि मधल्या सुट्टीत त्यातलंच एखादं पोरगं खऱ्या कुत्र्याला दगड मारतं. यात मुलांना दोष देऊन उपयोग नाही. कुत्र्याशी वागायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं, गोष्ट तेवढी सांगितलेली असते.

हा विषय आत्ता काढला, कारण आमच्या शाळेत एक कुत्री आहे आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी तिला घर मिळायला हवं. गेल्या पावसाळ्यात तिसरी-चौथीच्या चार मुलांनी रस्त्याच्या मोरीतून एक भिजलेलं पिल्लू काढून आणलं. महिना-दीड महिन्याचं असेल. नाव पडलं चिंगी. आता ती नऊ-दहा महिन्यांची झालीय आणि पायाला भिंगरी बांधल्यासारखी दिवसभर पळते. परिपाठाच्या रांगांमधून तीन चकरा मारल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. व्हरांड्यातल्या चपला जोडीनं राहत नाहीत. पहिलीच्या मुलांवर तर ती उडीच मारते. त्यात राग नसतो, प्रेमच असतं, पण प्रेमानं मारलेल्या उडीनंसुद्धा गुडघा फुटतो. एका मुलीचा फुटला. तिची आई शाळेत येऊन बोलून गेली आणि तिचं बोलणं बरोबरच होतं. शाळा मुलांसाठी आहे.

आत्ता तिचं पोट पोषण आहाराच्या उरलेल्या खिचडीवर आणि आमच्या स्वयंपाकीण मावशींच्या मायेवर चालतं. सुट्टी लागली की चूल बंद, गेट बंद. दीड महिना या जनावरानं काय करायचं?

या प्रश्नावर गावात सल्ले भरपूर मिळतात. ‘‘सर, एवढं काय त्यात, पोत्यात घाला अन् द्या सोडून घाटापलीकडं.’’ सांगणारा माणूस वाईट नसतो बरं का. त्याच्या लहानपणापासून त्यानं हेच पाहिलेलं असतं. पण घाटापलीकडंही गाव असतं, तिथंही शाळा असते. आपण सोडलेली कुत्री तिथल्या मुलांच्या मागे लागते आणि तिथल्या लोकांनी सोडलेली आपल्याकडे येते. अनोळखी हद्दीत टाकलेलं तरणं जनावर तिथल्या टोळीकडून फाडलं जातं, नाहीतर डांबरी रस्त्यावर गाडीखाली जातं. शिवाय आपल्या पाळलेल्या जनावराला भूक-तहानेनं तळमळायला लावून असं सोडून देणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. तो आपल्याला माहीत नाही म्हणून लागू होत नाही, असं नाही.

दुसऱ्या बाजूला न्यायालयाचा आदेश आहे आणि तो आपण शिक्षकांनी नीट समजून घेतला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सांगितलं की शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं अशा जागांमधून भटकी कुत्री हलवावीत, त्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावं, पुन्हा त्याच जागी आणून सोडू नये. त्याआधी २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावरच्या इतर कुत्र्यांबद्दल वेगळं म्हटलं होतं: निर्बीजीकरण, लस आणि जंताचं औषध देऊन त्यांना मूळ भागात सोडावं, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत. त्याच आदेशात दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांचाही विचार होता, आणि दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येता कामा नये अशी अटही होती.

शाळेतून कुत्री हलवण्यामागचा हेतू मला मान्य आहे. मुलाला चावा बसला की त्या घराची झोप उडते, ते मी पाहिलंय. पण आदेशातला ‘निवारा’ आमच्या गावात नाही. मग ‘हलवा’ या शब्दाचा अर्थ प्रत्यक्षात पोतं आणि घाट असाच होऊन बसतो. म्हणून माझं मत असं की ज्या शाळेत एखादं माणसाळलेलं, तरणं कुत्रं राहतंय, तिथं त्याला घर शोधून देणं हाच आदेश पाळण्याचा सर्वात सरळ मार्ग आहे. आणि ते काम शाळा व्यवस्थापन समितीनं, शिक्षकांनी आणि मुलांनी मिळून करण्यासारखं आहे. त्यात भाषा आहे, परिसर अभ्यास आहे, गणितही आहे.

आता या ‘अंगातल्या रगे’बद्दल. सहा महिन्यांपासून साधारण दीड वर्षापर्यंतचा काळ हे कुत्र्याचं अडनिडं वय. शरीर मोठं झालेलं, डोकं अजून पिल्लाचं. लोक पिल्लू हौसेनं नेतात ते दोन महिन्यांचं, आणि घराबाहेर काढतात ते नेमकं या वयात. ‘‘लई वांड निघालं’’ म्हणतात. वांड वगैरे काही नसतं. पळायला जागा नाही, करायला काम नाही, चावायला वस्तू नाही, मग चप्पल सापडते. आणि साखळीला बांधून ठेवलं की रग जिरते, हा मोठा गैरसमज. दिवसभर बांधलेलं कुत्रं जास्त भुंकतं, सुटलं की दुप्पट उधळतं आणि हळूहळू चिडकं होतं. तुमच्या वर्गात एका जागी पाच मिनिटं न बसणारं एखादं मूल असेलच. त्याला फळा पुसायला, वह्या गोळा करायला, पाण्याची टाकी बघायला पाठवलं की ते वर्गाला केवढं उपयोगी पडतं! तसंच काहीसं इथं आहे.

आम्ही काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही करता येईल. शाळा भरण्याआधी गावातला एक तरुण पळायला जातो, पोलीस भरतीची तयारी करतोय. चिंगी आता त्याच्याबरोबर पळते. परत येते तेव्हा जीभ बाहेर, डोळे शांत, आणि परिपाठ सुरळीत होतो. भाकरीचे तुकडे जुन्या गोणपाटाच्या घड्यांत लपवून ठेवले की ती अर्धा तास हुंगत बसते. नाकानं केलेलं काम कुत्र्याला पळण्याइतकंच दमवतं. जाड सुती दोरीला गाठी मारून चावायला दिली. उडी मारली की सगळ्यांनी पाठ फिरवायची, हात वर करायचे नाहीत, ओरडायचं नाही. ती चारही पायांवर उभी राहिली की मगच डोक्यावरून हात. मुलांनी हे मोठ्यांपेक्षा लवकर उचललं. मोठी माणसं ‘‘हाड, हाड’’ करत हात हलवतात आणि तिला वाटतं खेळ सुरू झाला. खायचं ताटलीत ठेवण्याआधी ‘बस’ म्हणायचं, हेही पंधरा दिवसांत जमलं. उड्या पूर्ण थांबल्यात का? नाही. कमी झाल्यात.

आता जाहिरातीकडे येतो. माझ्या मते सगळी गोम तिथं आहे.

जाहिरात लेखन हे वरच्या वर्गांचं काम, पण म्हटलं चौथीला करून बघू. मुलांनी पहिल्या फेरीत लिहिलं ते असं: ‘‘गुणी, शांत, हुशार कुत्री मोफत मिळेल. चावत नाही. त्रास देत नाही. त्वरा करा.’’ फळ्यावर हे लिहून मी एकच विचारलं, यातलं खरं काय? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘सर, हुशार खरंय.’’ दुसरी म्हणाली, ‘‘शांत नाही ती. पण असं लिहिलं तर कोण नेईल तिला?’’

या प्रश्नावर आमचा अख्खा तास गेला आणि तो तास मला पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही पाठाइतका मोलाचा वाटतो. एक मुलगा म्हणाला, खोटं लिहून दिली तर चार दिवसांत परत आणून सोडतील. दुसरा म्हणाला, परत आणली तर बरंच, नाही आणली आणि तिकडेच हाकलून दिली तर? एकीनं घरचं उदाहरण दिलं. तिच्या वडिलांनी बाजारातून ‘गरीब’ म्हणून गाय आणली होती आणि ती धार काढू देत नव्हती. शेवटी मुलांनी नवी जाहिरात लिहिली. मला ती फार आवडली म्हणून इथं देतो:

‘‘आमच्या शाळेतली चिंगी हिला घर पाहिजे. वय नऊ-दहा महिने. रंग तांबूस, पाय पांढरे. ती खूप पळते. रोज सकाळ-संध्याकाळ फिरवावं लागेल. चप्पल वर ठेवावी. ती आनंद झाला की उडी मारते, म्हणून घरात लहान बाळ असेल तर अवघड जाईल. तिला ‘बस’ समजतं. ती पाहुण्यांवर भुंकत नाही, त्यांच्याशी खेळते. रेबीजची लस दिली आहे. बांधून ठेवायची असेल तर देणार नाही.’’

शेवटचं वाक्य त्यांचं स्वतःचं. मी घातलेलं नाही.

या जाहिरातीला प्रतिसाद कमी आला, हे कबूल करायला हरकत नाही. ‘गुणी, शांत’ लिहिलं असतं तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी घेऊन गेलं असतं. पण आपल्याला कुत्री खपवायची नाही. शाळेतून गेली म्हणजे प्रश्न सुटला असं मानायचं असेल तर मग घाटच काय वाईट? कमी माणसं आली, पण आली ती माहिती घेऊन आली, आणि बोलणं पहिल्या मिनिटापासून खरं झालं.

पहिले गृहस्थ राखणीला कुत्रं शोधत होते. चिंगी त्यांच्या पायाशी लोळायला लागली तसे ते हसले आणि म्हणाले, ही चोराला चहा पाजील. ते गेले, आणि बरंच झालं. दुसरे म्हणाले, ‘‘कुत्रा असता तर नेला असता, कुत्री नको.’’ हे वाक्य तुम्ही तुमच्याही गावात ऐकलं असेल. रस्त्यावर टाकून दिलेल्या पिल्लांत माद्या जास्त का दिसतात, याचं उत्तर त्यातच आहे. पिलावळीची भीती खोटी नाही. कुत्रीचा गर्भकाळ दोन महिन्यांच्या आसपास असतो आणि एका वेळी चार-सहा पिल्लं सहज होतात. ‘एका कुत्रीपासून तीन वर्षांत किती?’ हे गणित चौथीला घालून बघा, उत्तर फळ्यावर मावत नाही. पण याला उपाय आहे: नसबंदी. साधारण सहा महिन्यांनंतर ती करता येते. गावाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करा, शस्त्रक्रियेची सोय तिथं नसेल तर ती कुठं आहे ते डॉक्टर सांगतात. भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण ही जबाबदारी २०२३ च्या नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकलेली आहे, म्हणून ग्रामसभेत हा विषय मांडायला आपण लाजू नये. शक्य असेल तर नसबंदी करूनच कुत्री द्या. ‘मादी नको’ म्हणणाऱ्यांतले निम्मे तरी मग ऐकून घेतात, असा माझा अनुभव आहे. चिंगीसाठी आम्ही वर्गणी काढली. त्यात सर्वात मोठी रक्कम गुडघा फुटलेल्या त्या मुलीच्या आईनं दिली.

घर पाहताना काय विचारायचं? पुस्तकी प्रश्न आपल्या भागात फार उपयोगाचे नाहीत. ‘तुमच्याकडे अंगण आहे का’ याला आपल्याकडे सगळेच ‘हो’ म्हणतील.

मी पहिला प्रश्न घरातल्या बाईला विचारतो. कुत्रं आणायची हौस बापाची नाहीतर पोराची, आणि भाकरी थापणं, सांडलेलं पुसणं, पाणी ठेवणं हे सगळं तिच्या डोक्यावर येतं. ती ‘‘बघू’’ म्हणाली तर ते ‘नाही’ समजावं.

दुसरा प्रश्न पाथर्डी, शेवगाव भागातल्या शिक्षकांना लगेच कळेल. दिवाळीनंतर तुम्ही कोयत्यावर जाता का? ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरवर संसार, शेळ्या, कोंबड्या, कधी आपले विद्यार्थीही चढतात. कुत्रं कधी बरोबर जातं, कधी कुलूप लावलेल्या घरासमोर चार-पाच महिने बसून राहतं. जाणाऱ्या कुटुंबाला कुत्रं देऊच नये असं मी म्हणत नाही. त्या माणसांची माया मी जवळून पाहिलीय. पण मागे राहिलं तर कोण बघणार, त्या म्हाताऱ्या आजीचं किंवा शेजाऱ्याचं नाव आधी ठरलं पाहिजे.

अकोले, संगमनेर, राहुरीकडे तिसरा प्रश्न येतो: रात्री कुत्रं कुठं असेल? अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला होता. त्यात सुमारे ८७ टक्के आहार पाळीव किंवा माणसाजवळ राहणाऱ्या जनावरांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के. उसाला लागून वस्ती आणि ओट्याला साखळीनं बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट. त्याला पळताही येत नाही. शिवाय त्या वासानं बिबट्या घराजवळ येतो तो वेगळाच धोका. अशा ठिकाणी रात्री बंद खोली, पडवी किंवा वरूनही जाळी असलेला पिंजरा असेल तरच द्यावं.

कोंबड्या असतील तर सावध राहा. दहा महिन्यांच्या कुत्रीला पळती कोंबडी दिसली की शिकवलेलं सगळं विसरायला होतं.

अनेकांनी मला सुचवलं की हिला धनगराच्या वाड्यावर द्या, पळून पळून दमेल. विचार चांगला आहे. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीकडचे धनगर मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणाच्या बाजूला उतरतात आणि त्यांची कुत्री मैलोन् मैल चालतात. पण ती कुत्री पिल्लू असल्यापासून मेंढरांत वाढलेली असतात, मेंढराच्या मागे लागायचं नाही हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. शाळेत मुलांमागे पळायला शिकलेली चिंगी कळपात सोडली तर मेंढपाळाचं नुकसान आणि हिच्या पाठीत काठी. नुसती रग आहे म्हणून कामाचं कुत्रं होत नाही. मला वाटतं तिला रोज पळणारं एखादं पोर असलेलं, जरा मोठ्या मुलांचं घर पाहिजे. तसं एक कुटुंब येत्या रविवारी दुसऱ्यांदा बघायला येणार आहे. दुसऱ्यांदा या, असं मीच म्हणालो. पहिल्या भेटीत सगळीच कुत्री गोड दिसतात.

आरोग्याचं थोडक्यात. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, डॉक्टरांच्या सल्ल्यानं पुढचा डोस आणि मग दरवर्षी. पार्व्होसारख्या आजारांची लस वेगळी असते, तीही विचारा. जंताचं औषध द्या. कांदा-लसूण घातलेली खिचडी, चॉकलेट, बिस्किटांचे पुडे बंद करा. मुलं प्रेमानं पारले-जी चारतात, एखादं ठीक, पुडा नाही. आणि मुलाला कुठल्याही कुत्र्याचा दात किंवा नख लागलं तर, ते शाळेतलं लस दिलेलं कुत्रं असलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. तिखट, हळद, चुना काही लावायचं नाही. लसीचे सांगितलेले सगळे डोस पूर्ण करायचे. रेबीजची लक्षणं दिसू लागली की उपचार हाती राहत नाही, म्हणून इथं ‘बघू उद्या’ चालत नाही.

गोव्यात रेबीजविरोधी मोहिमेत कुत्र्यांच्या लसीकरणाबरोबर शाळाशाळांत जाऊन मुलांना हेच शिकवलं गेलं: झोपलेल्या, खाणाऱ्या, पिल्लांजवळच्या कुत्रीपाशी जायचं नाही, अंगावर आलं तर झाडासारखं उभं राहायचं, चावलं तर घरी लपवायचं नाही. २०२१ मध्ये गोवा सरकारनं राज्य ‘रेबीज नियंत्रित’ म्हणून जाहीर केलं. आपल्या परिपाठात या तीन गोष्टींना आठवड्यातून पाच मिनिटं द्यायला काय हरकत आहे? पालकांना एक सांगणं: मुलानं चावा लपवला तर तो तुमच्या ओरडण्याच्या भीतीनं लपवलेला असतो.

कुत्री देताना लसीचं कार्ड, ती झोपते ते जुनं गोणपाट आणि तिची दोरी बरोबर द्या. वास ओळखीचा असला की पहिल्या रात्री कमी रडते. नव्या घरी पहिले आठ-दहा दिवस तिला मोकळं सोडू नये, नाहीतर ती शाळेच्या वाटेला लागते. तिसऱ्या दिवशी फोन करा, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. मुलांनी घरी जाऊन भेटायचं असेल तर तेही महिन्यानंतरच. आणि नेणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की नाही जमलं तर तिला आमच्याकडेच परत आणा, कुणी काही बोलणार नाही. आमच्या मावशींनी सांगून ठेवलंय, परत आली तर सुट्टीत त्यांच्या पडवीत तिची जागा आहे.